त्रिनिदादमध्ये काय खावे, त्याआधी केव्हा खावे

कॅरिबियनमधल्या त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, नव्याने राहायला आलेली भारतीय कुटुंबे स्थिरस्थावर झाली, की त्यांचा पहिला प्रश्न असतो तो इथे चांगले रेस्टॉरंट कुठले आहे हा. भारतातून आमच्याकडे येणारे पाहुणेही विमानतळावरून घरी येताना गाडीत हेच विचारतात. मी हल्ली त्यांना उत्तर देण्याऐवजी आज वार कोणता आहे आणि तुम्हाला भूक साधारण किती वाजता लागते, हे विचारून घेते. त्यांना हा विनोद वाटतो, पण या बेटावर जेवणाचा पत्ता घड्याळाला आणि पंचांगाला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. सकाळी सात वाजता ज्या कोपऱ्यावर माणसांची दाटी असते, तिथे अकरा वाजता रिकामा पदपथ उरतो. दुपारी बारा वाजता ज्या दुकानाबाहेर रांग असते, त्याचा दरवाजा तीनला बंद होतो. आणि रात्री अकरानंतर जिथे उत्तम खायला मिळते, तिथे दिवसा खाण्याची काही सोय असेल अशी शंकासुद्धा येत नाही. नकाशावरची गुणांकने पाहून बाहेर पडणारा माणूस इथे बऱ्याचदा उपाशी परततो.

माझ्या पतीची नोकरी प्वाइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीत आहे, जिथे नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि मिथेनॉल तयार होते, आणि आमचे घर पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात आहे. या भागातल्या गल्ल्यांना दिल्ली स्ट्रीट, कलकत्ता स्ट्रीट अशी नावे आहेत, कारण 1845 ते 1917 या काळात सुमारे 1 लाख 40 हजार भारतीय कंत्राटी मजूर म्हणून या बेटावर उसाच्या मळ्यांत आणले गेले. पहिले जहाज, फतेल रझाक, 30 मे 1845 रोजी इथे लागले. मजूर बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातले होते, कलकत्त्याहून निघालेले. काही मद्रासहूनही आले. 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 35 टक्के लोकांनी आपण भारतीय वंशाचे असल्याचे नोंदवले आणि जवळपास तितकेच आफ्रिकी वंशाचे होते. त्यांच्या आधीचे आणि नंतरचे फ्रेंच मळेवाले, स्पॅनिश, चिनी, सिरियन-लेबनीज, आणि अलीकडचे व्हेनेझुएलाचे लोक, असे सगळे एकाच छोट्या बेटावर स्वयंपाक करत आले. खाण्याच्या वेळा इतक्या काटेकोर का, याबद्दल माझा अंदाज असा आहे, की इथले खाणे मुळात उन्हाआधी कामाला जाणाऱ्या माणसांसाठी तयार झाले आणि काम बदलले तरी तो दिनक्रम सुटला नाही.

सकाळ डबल्सची असते. मैद्याच्या, हळद घातलेल्या, यीस्टने फुगवलेल्या मऊ पिठाच्या तळहाताएवढ्या दोन पातळ तळलेल्या पुऱ्या, ज्यांना इथे बारा म्हणतात, आणि त्यांच्यामध्ये काबुली चण्याची पातळसर, मऊ शिजलेली उसळ, एवढाच हा पदार्थ आहे. त्यावर चिंचेची चटणी, काकडीचा कीस, कुचेला नावाचे कैरीच्या किसाचे लोणचे आणि शेवटी मिरचीचा सॉस येतो. डबल्सचा उगम 1930 च्या दशकात दक्षिणेकडच्या प्रिन्सेस टाउन या गावी झाला आणि त्याचे श्रेय डीन कुटुंबाला दिले जाते. पुढे सायकलवर लाकडी पेटी बांधून विकणाऱ्यांनी तो बेटभर नेला. आजही विक्रेता बारा कापडाच्या घडीत, झाकलेल्या पेटीत गरम ठेवतो आणि मागणी आली, की कागदाच्या तुकड्यावर डाव्या हाताने बारा, उजव्या हाताने चणे, अशा वेगाने मांडतो, की नजर हलेपर्यंत पुडी वळून झालेली असते.

मागणी दोन-तीन शब्दांत करायची असते. ‘वन, स्लाइट’ म्हणजे एक, मिरची नावापुरती. ‘टू, मीडियम’ म्हणजे दोन, बेताचे तिखट. कोणी पूर्ण वाक्य बोलू लागले, तर मागची रांग खाकरते. उभ्यानेच, चमच्याशिवाय, वरच्या बाराचा तुकडा तोडून त्याने चणे उचलत खायचे, आणि चटणी मनगटावर ओघळणार हे गृहीत धरायचे. पैसे शेवटी द्यायचे असतात. कोणी किती खाल्ले याचा हिशेब विक्रेत्याच्या डोक्यात असतो, आणि तो चुकल्याचे मी पाहिलेले नाही. सूट घातलेला वकील, शाळेच्या गणवेशातली मुलगी, रात्रपाळी संपवून निघालेला पहारेकरी आणि रस्ता झाडणारी बाई एकाच छत्रीखाली खांद्याला खांदा लावून खात असतात. सगळ्यांना विक्रेता ‘बॉस’ किंवा ‘फॅमिली’ म्हणूनच हाक मारतो.

चांगले डबल्स कसे ओळखावे, याबद्दल प्रत्येक त्रिनिदादी माणसाचे ठाम मत असते आणि आता माझेही आहे. बारा हातात घेतल्यावर तेल बोटांना लागावे पण कागदातून पाझरू नये, चणा बोटाने दाबला तर फुटावा पण रश्शात विरघळलेला नसावा, आणि मिरचीशिवायही त्याला जिऱ्याची आणि शॅडो बेनीची स्वतंत्र चव असावी. शॅडो बेनी ही लांब, दातेरी कडांची पाने कोथिंबिरीच्याच कुळातली आणि वासाने तिच्याहून उग्र आहेत. लसूण, पातीचा कांदा, थाइम यांच्याबरोबर वाटून केलेले त्यांचे हिरवे वाटण या देशातल्या जवळजवळ प्रत्येक मांसाहारी पदार्थाच्या मुळाशी असते. रस्त्यावर खाताना स्वच्छतेची काळजी वाटणाऱ्यांनी विक्रेत्याकडे आरोग्य खात्याचा परवाना, ज्याला सगळे फूड बॅज म्हणतात, आहे की नाही ते जरूर पाहावे. त्याहून खात्रीची खूण म्हणजे विक्रेता किती वाजता संपतो. नऊला पेटी रिकामी झालेला माणूस उद्या ताज्या मालानेच सुरुवात करणार. दुपारपर्यंत पेटी अर्धी भरलेली असेल, तर मी पुढे चालू लागते.

सकाळची दुसरी वाट रोटीच्या दुकानांकडे जाते, कारण सादा रोटी ही न्याहारीची गोष्ट आहे. तव्यावर फुगवलेली जाडसर रोटी, आणि तिच्याबरोबर चोका: वांगे किंवा टोमॅटो लसूण खोचून जाळावर भाजायचा, ठेचायचा, त्यावर कच्चा कांदा पसरायचा आणि कडकडीत तेल ओतायचे. खानदेशातून आलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी वांग्याचा चोका खाल्ल्यावर बराच वेळ काही न बोलता दुसरी रोटी मागवली होती. पण साडेनऊनंतर चोका मागू नये. दुकानदार बाई नाही म्हणणार नाहीत, फक्त दयेने पाहतील.

साडेअकरापासून त्याच दुकानांचे रूप बदलते. काचेमागे वाफेवर ठेवलेल्या पसरट भांड्यांतून चणे-बटाटा, लाल भोपळा, बोडी म्हणजे लांब चवळीच्या शेंगा, पालेभाजी, कैरी, आणि कोंबडी, बकरा, बदक, कोळंबी असे रस्से मांडलेले असतात. आधी रोटी निवडायची. दालपुरीमध्ये भरडलेल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे, जिरे घातलेले कोरडे सारण असते आणि ती आपल्या पुरणपोळीपेक्षा कितीतरी मोठी, मऊ आणि लवचीक असते. तिच्यात रस्सा आणि भाज्या ठेवून चौकोनी घडी घालून देतात. दुसरा प्रकार पराठ्याचा, जो तव्यावरच दोन लाकडी उलथन्यांनी झोडपून विस्कटतात, म्हणून त्याला ‘बस-अप-शट’, म्हणजे फाटक्या सदऱ्यासारखा, असे नाव पडले आहे. घडीची रोटी कामावर जाताना न्यावी आणि विस्कटलेला पराठा बसून, हाताने, सावकाश खावा, हा माझा नियम आहे. कोंबडी हाडासकट घ्यायची की हाडाशिवाय, हा प्रश्न काउंटरवर हमखास येतो. हाडासकट घ्यावी, रस्सा तिचाच चांगला असतो.

महाराष्ट्रातून आलेल्या जिभेला हा रस्सा पहिल्या घासाला ओळखीचा आणि दुसऱ्या घासाला परका वाटतो. त्यात खोबरे भाजून केलेले वाटण नाही, गोडा मसाला नाही, कढीपत्त्याची फोडणी सहसा नाही. धने, हळद, मेथी, जिरे यांची तयार करी पावडर असते, तिच्यात तिखट जवळपास नसतेच; ती पाण्यात कालवून गरम तेलात तिचा कच्चा वास जाईपर्यंत परततात आणि मग हिरव्या वाटणात मुरवलेले मांस टाकतात. तिखटपणा नंतर, ज्याच्या त्याच्या मर्जीने, बाटलीतून येतो. आपल्याकडे प्रत्येक पदार्थाचा मसाला वेगळा असावा अशी अपेक्षा असते, तेव्हा इथे सगळे रस्से एकाच पावडरीचे आहेत अशी तक्रार नवी भारतीय मंडळी करतात, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. तरी कैरीचा रस्सा त्यांनी खाल्लेला नसतो. कोयीसकट, सालासकट कापलेल्या कैऱ्या साखर आणि अमचार मसाल्यात, म्हणजे भाजून दळलेल्या धने-जिरे-मेथी-मोहरी-बडीशेपेत, मऊ होईपर्यंत शिजवलेल्या असतात. मेथांबा आवडणाऱ्या माणसाने या एका पदार्थासाठी दालपुरी मागवावी आणि दुकानात कैरी संपली असेल तर दुसऱ्या दुकानात जावे.

जेवणाच्या रांगेत भारतीय चेहरा आणि भारतीय उच्चार दिसला, की वयस्कर माणसे हमखास विचारतात, भारतात कुठे? मुंबई म्हटले, की पुढचा शब्द गावस्कर असतो. 1971 च्या मार्चमध्ये इथल्याच क्वीन्स पार्क ओव्हलवर त्यांचे कसोटी पदार्पण झाले, 65 आणि नाबाद 67. अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली भारताने तो सामना आणि पुढे मालिका जिंकली, आणि त्याच मैदानावर शेवटच्या कसोटीत गावस्करांनी 124 आणि 220 धावा केल्या. मडगावच्या दिलीप सरदेसाईंचे शतकही त्या मार्चमधलेच. रोटीच्या दुकानातल्या एका आजोबांनी मला ते सामने झाडावर बसून पाहिल्याचे सांगितले आणि माझ्याआधी माझी मागणी काउंटरवर पोहोचवली. ओव्हल आमच्या घरापासून जवळ आहे, आणि सामन्याच्या दिवशी त्याच्या आसपासच्या गाड्यांवर उत्तम खायला मिळते, हेही इथे नोंदवते.

दुपारच्या क्रिओल, म्हणजे आफ्रिकी आणि युरोपीय वळणाच्या मिश्र स्थानिक, जेवणासाठी मी बंदराजवळच्या ब्रेकफास्ट शेडला जाते. नाव न्याहारीचे असले, तरी मला ते ठिकाण दुपारीच आवडते. एका छताखाली ओळीने स्वयंपाकघरे, प्रत्येक बाईंचे वेगळे, समोर लांब बाके आणि पलीकडे समुद्र. तळलेला किंवा रश्शातला मासा, मॅकरोनी पाय म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, तळलेली पिकी राजेळीसारखी केळी, आणि ‘प्रोव्हिजन’ या एका नावाखाली येणारे उकडलेले कंद: याम, कसावा, रताळे, डाशीन. डाशीन म्हणजे अळूचा कंद, आणि त्याच्याच पानांचे कालालू हे इथल्या जेवणाचे मानाचे पान आहे. अळूची पाने, भेंडी, नारळाचे दूध, हिरवे वाटण आणि बहुधा एक अख्खा खेकडा एकत्र शिजवून घुसळतात. चिंच आणि गूळ नसलेले, चण्याची डाळ आणि शेंगदाणे नसलेले अळू, ही कल्पना मला आधी पटली नव्हती. आता घरी दोन्ही प्रकार होतात, आणि खेकड्याचा प्रकार आमच्याकडे जास्त लवकर संपतो. इथे मासळीच्या पाटीवर किंगफिश किंवा कॅराइट दिसले, तर ते सुरमईच्याच जातकुळीचे मासे आहेत हे ध्यानात ठेवावे आणि फार विचार करू नये.

हेच जेवण रविवारी मात्र शोधू नये. रविवारचे दुपारचे जेवण, म्हणजे जळत्या साखरेत तांबूस केलेली कोंबडी, कालालू, मॅकरोनी पाय, लाल राजमा, बटाट्याचे सॅलड, ही घरची गोष्ट आहे आणि त्या दिवशी शहरातली बहुतेक साधी भोजनगृहे बंद असतात. मोठी हॉटेले बुफे मांडतात. तिथे पदार्थ सगळे असतात, पण ते खाताना आपण कोणाच्या तरी घरच्या आमंत्रणाऐवजी इथे आलो आहोत हे जाणवत राहते. शनिवार सूपचा: गाईच्या खुरांचे, नाहीतर वाटाण्याच्या डाळीचे, कंद आणि पिठाचे लांबट गोळे घातलेले इतके दाट सूप, की त्यानंतर झोपण्यापलीकडे काही होत नाही.

रविवारी आम्ही त्याऐवजी सकाळी लवकर माराकसच्या किनाऱ्यावर जातो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी शागारामासचा भाग नौदलाच्या तळासाठी घेतला आणि तिथले किनारे लोकांना बंद झाले, तेव्हा त्याची भरपाई म्हणून त्यांनी उत्तरेच्या डोंगरांतून हा वळणावळणांचा रस्ता बांधला. वाटेत जिथे दरी उघडते, तिथे गाड्या थांबतात आणि लोक चाऊ खातात: कैरी, अननस किंवा अंबाडा मीठ, मिरची, लसूण आणि शॅडो बेनीत कालवून. किनाऱ्यावरच्या टपऱ्यांमध्ये ‘बेक अँड शार्क’ मिळतो. तळलेल्या पोकळ पावात मसाल्यात मुरवून तळलेल्या शार्कचा तुकडा घालून देतात आणि पुढचे काम गिऱ्हाइकाचे असते. लांब टेबलावर लसणाचा सॉस, चिंच, शॅडो बेनी, कोबी, काकडी, अननस अशा वाडग्यांची रांग असते. शार्कची बेसुमार मासेमारी पाहता आम्ही हल्ली तोच पाव किंगफिश घालून मागतो आणि चवीत काही उणे वाटत नाही. अकराच्या आत खाऊन निघावे, कारण त्यानंतर राजधानीतली अर्धी माणसे त्याच रस्त्याने येत असतात.

संध्याकाळी खाण्यासाठी आम्ही कधीतरी सॅन फर्नांडोच्या पलीकडे डेबेपर्यंत गाडी नेतो. महामार्गाने तास-दीड तास, वाहतूक तुंबली तर त्याहून जास्त, आणि हे सगळे रस्त्याकडेच्या टपऱ्यांच्या एका ओळीसाठी; शहरातल्या मैत्रिणींना हे वेडेपण वाटते. तिथे डाळीच्या पिठाची गोल भजी, फुलौरी, मोहरीच्या आणि चिंचेच्या आंबटगोड सॉसमध्ये बुडवून देतात. बैगनी म्हणजे वांग्याच्या कापांची भजी. आलू पाय हा बटाट्याचे सारण भरलेला लांबट तळलेला पाव. आणि सहीना. अळूच्या पानांना डाळीचे पीठ लावून, गुंडाळी करून, कापून तळलेली ही वस्तू पाहून माझ्या सासूबाई टपरीसमोरच थबकल्या आणि त्यांनी आत वाकून चौकशी सुरू केली, की पान खाजत नाही का आणि आंबट काय घालता. टपरीतल्या मावशींनी त्यांना आत बोलावून पीठ दाखवले. सासूबाईंचे इंग्रजी जेमतेम आणि त्या मावशींना हिंदी अजिबात येत नव्हते, तरी अळूवडीवर बराच वेळ चर्चा झाली. सहीना मधोमध चिरून त्यात चणे आणि कैरीची चटणी भरतात. सासूबाईंना तो भाग पटला नाही. मला पटतो.

शहरात संध्याकाळी अरियापिटा अव्हेन्यू जागा होतो, आणि टेबल-खुर्ची, मेनूकार्ड, पाण्याचे पेले अशा अर्थाने ज्यांना रेस्टॉरंट हवे असते त्यांनी तिकडे जावे. उत्तम समुद्री अन्न, बरी इटालियन, लेबनीज भोजनगृहे तिथे आहेत. बिलावर साडेबारा टक्के व्हॅट आणि बहुधा दहा टक्के सेवा आकार चढतो, हे मनात धरून मागवावे. मला या रस्त्याबद्दल फारसा उत्साह नाही. तिथल्या एका भोजनगृहात, ज्याचे नाव घेत नाही, मोठ्या पांढऱ्या ताटात तीन अंगठ्याएवढे डबल्स फुलांच्या पाकळ्यांसह मांडून आले. चणे थंड होते आणि किमतीत सकाळी अख्ख्या कुटुंबाचे पोट भरले असते. भारतीय पद्धतीची, म्हणजे नान, बटर चिकन आणि बिर्याणी देणारी रेस्टॉरंटेही शहरात आहेत आणि वाईट नाहीत. स्थानिक लोक वाढदिवसाला तिथे जातात, कारण त्यांच्या दृष्टीने ‘इंडियन फूड’ ते. दालपुरी आणि कैरीचा रस्सा हे त्यांचे रोजचे, त्रिनिदादचे जेवण.

चिनी जेवणाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते प्रत्येक गावात मिळते. पहिले चिनी मजूर 1806 मध्येच, म्हणजे भारतीयांच्याही आधी, इथे आणले गेले. त्यातले बहुतेक परत गेले, पण नंतर आणखी आले आणि आज संध्याकाळी सहानंतर कुठल्याही गल्लीत फ्राइड राइस आणि कुरकुरीत कोंबडी मिळते, तीही मिरचीच्या सॉसबरोबर. अलीकडची भर व्हेनेझुएलाची आहे. 2019 मध्ये सरकारने तिथून आलेल्या 16 हजारांहून अधिक लोकांची नोंदणी केली, आणि त्यानंतर आरेपाच्या गाड्या जागोजागी दिसू लागल्या. मक्याच्या पिठाची ही जाड भाकरी, आत चीज किंवा काळा घेवडा, मला मनापासून आवडते. ज्वारी-बाजरीची भाकरी न मिळणाऱ्या देशात तिने मोठी सोय केली आहे.

रात्र सेंट जेम्सच्या वेस्टर्न मेन रोडची, क्वीन्स पार्क सव्हानाच्या कडेची आणि क्युरीपच्या चौकाची. सव्हानाच्या विस्तीर्ण मैदानाभोवती शहाळी, भाजलेली कणसे आणि कॉर्न सूप मिळते. वाटाण्याच्या डाळीच्या दाट सुपात कणसाचे जाड तुकडे आणि पिठाचे गोळे, हे खाणे कार्निव्हलच्या मोसमात पहाटे तीन वाजता, नाचून दमलेल्या माणसांसाठीच जणू घडले आहे. आम्ही नाचत नाही, पण सूप प्यायला जातो.

शाकाहारी पाहुण्यांना मी दोन गोष्टी बजावते. डबल्स, डेबेच्या तळणी आणि रोटीच्या दुकानातल्या भाज्या निर्धास्त खाव्यात. पण क्रिओल जेवणातले कालालू, राजमा आणि कधी कधी कॉर्न सूपसुद्धा डुकराच्या खारवलेल्या शेपटीच्या तुकड्याने चविष्ट केलेले असते, म्हणून प्रत्येक वेळी विचारावे. दुसरे तिखटाबद्दल. याच बेटाच्या दक्षिण टोकाला मोरुगा नावाचे गाव आहे आणि तिथली स्कॉर्पियन मिरची 2012 मध्ये न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या मिरची संस्थेने जगातली सर्वांत तिखट ठरवली होती. तिखटपणा मोजण्याची सरासरी 12 लाख स्कोव्हिल एकके, काही नमुने 20 लाखांच्या वर. वर्षभराने तो मान दुसऱ्या मिरचीकडे गेला, पण विक्रेत्याच्या बाटलीला ही बातमी कळलेली नाही. कोल्हापूरहून आलेल्यांनीही सुरुवात ‘स्लाइट’नेच करावी आणि अभिमान पुढच्या फेरीसाठी राखून ठेवावा.

दिवसाचे आणि आठवड्याचे वेळापत्रक कळले, की वर्षाचे उरते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासाच्या, चाळीस दिवसांत मासळी महागते. दिवाळीच्या आधी शगवानसच्या दिवाळी नगरात, जे 1986 पासून भरते, फक्त शाकाहारी पदार्थांचे ठेले असतात आणि हिंदू घरांमध्ये त्या काळात मांस शिजत नाही. हिंदू लग्नाचे आमंत्रण आले तर ते कधीही नाकारू नये, कारण सोहारीच्या रुंद पानावर भात, डाळ, विस्कटलेला पराठा आणि सात भाज्या वाढतात आणि तसे जेवण विकत मिळत नाही. डिसेंबरात केळीच्या पानात बांधलेले मक्याच्या पिठाचे पास्टेल, लाल सॉरेलचे, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचे, सरबत आणि रमात भिजवलेल्या सुक्या मेव्याचा काळा केक येतो, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हे सगळे नाहीसे होते.

याच देशाच्या दुसऱ्या बेटावर, टोबॅगोला, जाणार असाल, तर स्टोअर बेच्या किनाऱ्यावरचा खेकड्याचा रस्सा आणि चपटे डम्पलिंग चुकवू नये. टपऱ्या विमानतळापासून चालत जाण्याइतक्या जवळ आहेत आणि त्रिनिदादचे विमान अर्ध्या तासाच्या आत उतरते, म्हणून लोक निघता निघता खाऊन घेऊ असे ठरवतात. तसे ठरवू नये. नांग्या दातांनी आणि हातांनी फोडायच्या असतात, रस्सा कोपरापर्यंत येतो आणि टपरीवरच्या बाई कोणासाठीही घाई करत नाहीत. विमान चारचे असेल, तर खेकड्यासाठी एक वाजताच बसावे आणि त्या दिवशी पांढरा सदरा घालू नये.